.३८ स्पेशल आणि ९ एमएम घरी भरायला पावडर कुठली घ्यावी?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो, रेंजवर नेमबाजीला जातो आणि आता काडतुसं घरीच भरायची म्हणून त्याने प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) आणलाय. एक .३८ स्पेशलचं रिव्हॉल्वर आणि एक ९ एमएम पिस्तूल आहे त्याच्याकडे. दुकानात पावडरचे एवढे डबे की काय उचलायचं कळेना, कोण म्हणतो बुल्सआय घे, कोण म्हणतो युनिक, आणि दुकानवाला टाइटग्रुप घे म्हणाला कारण ती कमी लागते, एका पौंडात भरपूर गोळ्या होतात. दोन्हीला एकच चालेल का? चतुर्थी झाली की मी टुरिस्ट व्हिसावर त्याच्याकडे जातोय तेव्हा दोघांनी मिळून भरायचा बेत आहे. आणि अजून एक, आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरी आजोबांची लायसनची सिंगल बॅरल आहे, रानडुकरं शेतात येतात म्हणून, तिची काडतुसं इथे अशी घरी भरता येतील का?

वाळपईकर:
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, नाही. बंदुकीचं लायसन म्हणजे काडतूस बनवायचं लायसन नव्हे. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसती तयार काडतुसं नाहीत, बंदुकीत भरायचा चार्ज, काडतुसाचे सुटे भाग हेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्यामुळे आजोबांच्या बंदुकीला लायसनवर लिहिलेली काडतुसं लायसनवाल्या दुकानातूनच घ्या, त्यात कसलाही शॉर्टकट नको. ९ एमएम तर आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य माणसाला मिळतच नाही.

फोंडेकर_निवृत्त:
मी बरीच वर्षं न्यू जर्सीला होतो आणि तिथे हे काम मनापासून केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

भावाला सांग की एका पौंडात किती गोळ्या होतात हे बघून पावडर घेऊ नको. नवीन माणसाने पहिलं बघायचं ते हे की ती पावडर पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, किती जागा भरते. .३८ स्पेशल १८९८ च्या आसपास आलं तेव्हा त्यात काळी दारू भरायचे, ती जास्त लागायची म्हणून पुंगळी लांब. आजची स्मोकलेस पावडर त्याच पुंगळीच्या तळाशी थोडीशीच दिसते, आणि टाइटग्रुप तर खूपच कमी लागते, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, वरून बघितलं तर चटकन लक्षातही येत नाही. आणि दुप्पट पावडर म्हणजे दुप्पट दाब असं नसतं, दाब त्याहून खूप जास्त चढतो, रिव्हॉल्वरचा सिलिंडर फुटतो आणि हात जातो. टाइटग्रुप वाईट पावडर नाही, पण पहिल्या डब्यासाठी मी ती कुणालाही सुचवणार नाही.

युनिक फुगीर आहे, जागा जास्त भरते, दुप्पट पडली तर दिसते. पण तिचे पापुद्रे मोठे, मेझरमधून (पावडर मापून टाकायच्या साधनातून) दर वेळी सारखी पडत नाही, वजनकाट्यावर वरचेवर तपासावं लागतं. मधला रस्ता म्हणजे विंचेस्टर २३१, तीच पावडर हॉजडनच्या डब्यात एचपी-३८ नावाने मिळते. बारीक दाणा, मेझरमधून छान सारखी पडते, .३८ आणि ९ एमएम दोन्हीला चालते. माझं मत विचाराल तर हीच. फक्त दोन्हीचे आकडे वेगळे, एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही. .३८ चा मान्य दाब १७,००० पीएसआय, ९ एमएमचा ३५,०००, आणि ९ एमएमची पुंगळी एवढी लहान की गोळी थोडी जास्त आत बसली तरी दाब झपाट्याने वाढतो.

किती ग्रेन (पावडरच्या वजनाचं माप) ते मी इथे लिहिणार नाही, दुसऱ्या कुणी लिहिलं तरी घेऊ नका. पावडर कंपनीचं चालू मॅन्युअल घ्यायचं, त्यात नेमकी तीच गोळी, तेच वजन बघायचं आणि सुरुवातीच्या आकड्यापासून सुरुवात करायची.

म्हापशेकर:
खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे २३१. मग मी गेलो की तो भरेल आणि मी तपासेन असं करू का?

फोंडेकर_निवृत्त:
तपासायला दुसरी नजर चांगलीच. पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या, पावडर पडली की गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्यांतली पातळी बघायची, एकीतही वेगळी वाटली तर ओतून परत. टेबलावर एका वेळी एकच डबा. उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात, दुसऱ्या बरणीत कधीच नाही, कारण दोन पावडरी दिसायला सारख्या असतात. डबा उघडल्यावर आंबूस उग्र वास आला किंवा लालसर वाफ दिसली तर ती खराब झाली, वापरायची नाही.

ताळगावची_नेमबाज:
व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला बंदी आहे, तिथल्या राज्याचं हंटिंग लायसन काढलं असेल तर सूट मिळते. तेव्हा दादा, आधी ते लायसन बघा, मगच हात लावा. आणि परत येताना बॅग नीट झाडून घ्या, रेंजवर घातलेल्या जॅकेटच्या खिशात एखादं काडतूस राहून जातं आणि मोपा विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर केस होते. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका.

नेमबाजीची आवड असेल तर इथे १० मीटर एअर पिस्तूल सुरू करा, ४.५ एमएमचे छर्रे, दारूचा संबंधच नाही. पुढे २५ मीटरला .२२ येतं, ते रिमफायर, म्हणजे पेटवायची दारू पुंगळीच्या कडेतच असते, ते तसंही परत भरता येत नाही.

म्हापशेकर:
व्हिसाचं खरंच माहीत नव्हतं ताई. भावाला आजच फोन करतो, हंटिंग लायसनचं त्यालाच विचारायला लावतो.