मदत हवी आहे: तानिकोची पट्टी त्रिकोणाच्या पायाशी आक्रसते

न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या तानिको पद्धतीने, म्हणजे हाताने रंगीत आडवे धागे उभ्या धाग्यांभोवती पिळत, कमरपट्टा विणतोय. रुंदी 5 सेंमी, उभे धागे 61, मेण लावलेल्या सुती दोऱ्याचे. आडवे धागे लोकरीचे, काळा, लाल, पांढरा. माग नाही, लाकडी फळीवर खिळे ठोकून उभे धागे खाली लोंबते ठेवलेत. नक्षी अरोनुई, म्हणजे साधे त्रिकोण. कुठल्या एका इवीची (माओरी जमातीची) खास खूण उचललेली नाही.

रंग एक-दोन धाग्यांनी बदलतो तिथे काम सपाट येतं. त्रिकोणाच्या पायाशी मात्र एकच रंग सलग पुढे येतो, उरलेले दोन मागे सरळ पडतात, आणि पट्टी 4-5 मिमी आत ओढली जाते. पुढचा धागा प्रत्येक उभ्या धाग्याला वळसा घालतो, मागचे सरळ जातात, तेव्हा कारण कळतंय.

मागचे धागे सैल सोडून पाहिले, तर पुढे रंग डोकावतात. ओलं करून टाचण्यांनी ताणलं. लोकर सैलावली, दोरा जागचा हलला नाही. हाराकेकेचा मुका (न्यूझीलंडच्या फ्लॅक्स झुडपाच्या पानांचा तंतू) इथे मिळत नाही, तेव्हा तो उपाय सुचवू नका. लोकर तर युरोपीय संपर्कानंतर 19व्या शतकातच तानिकोत रुळली, त्यामुळे ती परंपरेबाहेरची नाही.

पट्टा ताणला जाऊन चालणार नाही. मग मागच्या दोन रंगांसाठीच लोकरीऐवजी बारीक सुती दोरा घ्यावा, की लोकरच ठेवून दर काही उभ्या धाग्यांनी मागचे रंग पिळात अडकवावेत? अडकवायचे तर किती धाग्यांनी, म्हणजे पुढे ठिपका दिसणार नाही?