'परेड'ला सरसकट 'संचलन' म्हणणं मला पटत नाही

अक्षरओळ
बातमीत 'परेड' दिसली की तिथे 'संचलन' घालायची आता सवयच झाली आहे. संचलन म्हणजे मिळून चालणं. परेडचा जन्म मात्र थांबण्यातून झाला आहे!

मूळ लॅटिन 'पारारे', म्हणजे सज्ज करणे. त्यातून इटालियनमध्ये 'पाराता' झाला: वार अडवणं, आणि थाटामाटात दाखवणंही. स्पॅनिशमध्ये 'पारादा' झाला, म्हणजे थांबा. आजही तिकडे बसथांब्याला पारादाच म्हणतात. फ्रेंच घोडेस्वार चालता घोडा लगाम आवरून जागच्या जागी उभा करायचे, त्याला 'पाराद' म्हणत. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला. जर्मनमध्ये तर घोडा आवरणं, तलवारीचा वार अडवणं, गोलरक्षकानं चेंडू अडवणं आणि लष्करी परेड या सगळ्यांना आजही एकच शब्द आहे.

एवढं लांब कशाला, आपली 'ओळख परेड' बघा. तिथे संशयित इतर माणसांसोबत रांगेत उभा असतो आणि साक्षीदार त्यांच्यासमोरून चालत जातो. तिला 'ओळख संचलन' म्हणून बघा, शब्द लगेच कोसळतो.

रोखठोक
अजिबात सहमत नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'मोर्चा' घ्या. फारसीतून आलेला शब्द. लढाईत आडोशाला दबा धरून, तोफा रोखून बसायची जागा म्हणजे मोर्चा. आज मोर्चा निघतो, चालतो, धडकतो. बसलेला शब्द उठून चालायला लागला, तरी कुणाचं काही अडलं नाही. परेड म्हटल्यावर लोकांच्या कानात एका ठेक्यात पडणारी पावलं वाजतात, तर तोच तिचा अर्थ. आणि 'संचलन' ऐकताक्षणी उलगडतो, त्यासाठी लॅटिनपर्यंत जावं लागत नाही.

अक्षरओळ
मोर्चाचं उदाहरण फार चांगलं दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. 'मोर्चेबांधणी' आपण रोज वापरतो की नाही? तिथे कुणी चालत नाही, तिथे जागा धरून बसायचं असतं. जुना अर्थ मेला नाही, जोडशब्दात जाऊन राहिला. ओळख परेडमध्येही नेमकं तेच झालंय.

आणखी एक. चित्रकार जॉर्ज सराचं 'सर्कशीची परेड' नावाचं चित्र आहे, 1887-88 मधलं. चालणारं कुणी दिसेल म्हणून मी ते पहिल्यांदा उघडलं होतं. रात्रीची वेळ, वर गॅसच्या दिव्यांची ओळ, खाली जमलेल्या लोकांच्या टोप्या आणि मध्ये उंचावर एक ट्रॉम्बोनवाला. अगदी निश्चल! खेळाआधी तंबूबाहेर नमुना दाखवून गिऱ्हाईक जमवायचं, त्याला फ्रेंच लोक परेड म्हणत. रस्त्यानं ओळीत जाणाऱ्या सैन्यासाठी त्यांचा शब्द वेगळा आहे, 'देफिले'.

माजी_कॅडेट
दोघांनीही एक अर्थ सोडला. मैदानावर "परेड, सावधान!" असा हुकूम येतो, तेव्हा परेड म्हणजे आम्ही. उभी असलेली माणसं. टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीवर, नजर समोर, घामाचा थेंब नाकावर आला तरी पुसायचा नाही. कॉलेजची तीन वर्षं मी यात काढली. "तेज चल" नंतर यायचं, आणि खरं सांगतो, त्या हुकमानं सुटल्यासारखं वाटायचं. अवघड भाग उभं राहण्याचाच होता. ते कष्ट 'संचलन' या शब्दात कुठेच येत नाहीत, म्हणून मी अक्षरओळ यांच्या बाजूनं.

शब्दशोधक
मग 'कवायत' का नको? अरबीत 'कायदा'चं अनेकवचन 'कवाइद', तेच हे. म्हणजे नियमांचा समूह. उभं राहणं, वळणं, चालणं सगळं त्यात मावतं, आणि मराठीत तो कधीचाच मुरलाय.

माजी_कॅडेट
कवायत रोजची असते. परेड कुणीतरी बघायला आलेलं असताना होते. आम्ही हे दोन शब्द कधीच एकमेकांच्या जागी वापरले नाहीत.

रोखठोक
अक्षरओळ, तुमच्याच फ्रेंच उदाहरणाकडे परत जाऊ. उभ्याचा शब्द वेगळा आणि चालण्याचा वेगळा, असं त्यांनी केलं ना? मग आपण 'संचलन' घेतला तर काय बिघडलं? तुमच्या शीर्षकातला 'सरसकट' मला मान्य आहे. ओळख परेडला मी हात लावणार नाही. पण रस्त्यावरून जाते तिला संचलन म्हणणारा चुकतो, हे तुम्ही अजून दाखवलेलं नाही.

अक्षरओळ
हे मात्र बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. चालत निघालेल्या तुकड्यांपुरता 'संचलन' मान्य. पण पाहुणे उभ्या रांगांसमोरून फिरतात आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं 'संचलनाचे निरीक्षण', तेव्हा तिथे चाललेले असतात फक्त पाहुणे. एवढं एक वाक्य तरी सुधारायला हवं.