ऊदाचे अत्तर कसे पारखावे?

प्रश्न: मोहम्मद अली रोडवरून ऊदाचे अत्तर आणले. मनगटावर लावताच गोठ्यासारखा उग्र दर्प आला, तासाभराने मात्र लवंग-दालचिनीची ऊब आणि जुन्या लाकडी पेटीचा वास जाणवू लागला. यात भेसळ असेल का?

उत्तर १: दर्पावरून तसे म्हणता येणार नाही, कारण आसामात ऊदाच्या, म्हणजेच अगरूच्या, लाकडाचा भुगा तेल काढण्यापूर्वी अनेक दिवस पाण्यात भिजत ठेवतात आणि ती आंबूस छटा तेलात उतरते. निकाल चार तासांनी द्यावा.

उत्तर २: सहमत आहे, परंतु किंमतही सांगावी. बुरशी लागलेल्या झाडातच सुगंध देणारी राळ धरते, त्यामुळे अस्सल तेल स्वस्त नसतेच. शिवाय मुंबईच्या दमट हवेत एक थेंब पुरे. लोकलमधील सहप्रवाशांचाही विचार करावा.

प्रश्नकर्ता: तोळ्याला साडेतीनशे रुपये दिले.

उत्तर २: मग तो ऊद नव्हे. वास आवडला असल्यास खुशाल लावावा.