गळे चिरले जातात आणि मला हसू येतं, असं का?

प्रश्न:
काल रात्री 'फ्रायडे द थर्टीन्थ' या भयपटमालिकेचा सहावा भाग (१९८६) चौथ्यांदा पाहिला. त्यातल्या खुनी जेसनच्या प्रेतात लोखंडी गज खुपसलेला, त्यावर वीज कोसळते आणि कुजलेला गडी उठतो! उशी कवटाळून मी खिदळत होते. एरवी मला कुणाला सुई टोचलेलीही बघवत नाही. मग हे इतकं का आवडतं? थोडं अपराधीही वाटतं.

प्रतिसाद १:
अपराधी कशाला? हे खोटं आहे, असं सिनेमाच सांगून टाकतो. त्याच भागात स्मशानाचा रखवालदार सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतो, आठवतंय? शिवाय भीती आणि विनोद, दोन्हींची घडण सारखीच. ताणत न्यायचं, क्षणभर थांबायचं, मग फट्‌कन सोडायचं. किंकाळी आणि हसू एकाच दारातून बाहेर पडतात.

प्रतिसाद २:
मी तर कारागिरीवर फिदा आहे. 'ब्राइड ऑफ चकी' (१९९८) लावा आणि फक्त चकी या खुनी बाहुल्याच्या भुवयांकडे बघा. तो चेहरा हलवणारी माणसं आहेत, हे कळल्यावर प्रत्येक खून मला हस्तकलेसारखा दिसायला लागला. त्यात चकीला आवाज देणाऱ्या ब्रॅड डूरिफचं ते खवचट हसणं!

प्रश्नकर्ती:
रखवालदाराचं अगदी पटलं. तिथेच माझे खांदे सैल पडतात. ज्या सिनेमात मरणारा माणूस बराच वेळ रडत, विनवत राहतो, तो मी अर्ध्यातच बंद करते. भुवया आज रात्रीच बघते.