इंदूर ते केडगाव सायकल यात्रा, सेवाकार्यासाठी निधी: मार्ग, सामान आणि हिशेब

तरुणसंघ_इंदूर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदूरहून दौंड तालुक्यातल्या केडगावला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनपर्यंत, सायकलने जाणार आहे. १८ जण, सहा दिवस, सोबत एक टेंपो. निधी दोन कामांसाठी: खेड्यांतल्या सुवार्तिकांचं (ख्रिस्ती प्रचारकांचं) मानधन आणि मुलांचं वसतिगृह. देणगीदारांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायची, असा विचार आहे. बहुतेकांकडे गिअरच्या एमटीबी (जाड टायरच्या डोंगरी सायकली), चार-पाच हायब्रिड (पातळ टायरच्या). मुक्काम कुठे पाडावेत, टेंपोत कोणते सुटे भाग ठेवावेत आणि पैशांचा व्यवहार कसा ठेवावा, हे सांगा.

घाटवाट

अंतर साधारण ६०० किमी. मुक्काम असे पाडा: ठीकरी, शिरपूर, मालेगाव, शिर्डी, नगर (आताचं अहिल्यानगर), केडगाव. शिर्डी–नगर ८०-८५ किमी, बाकीचे दिवस शंभरीच्या आसपास. तो पाचवा दिवस छोटाच राहू द्या, ओढून लांबवू नका. गुडघेदुखी आणि मांड्यांचं सोलवटणं तोवर वर आलेलं असतं.

इंदूर ५५० मीटर उंचीवर, खलघाटचा नर्मदेचा पूल दीडशेच्या आसपास. पहिला दिवस उताराचा आहे आणि म्हणूनच सर्वात धोक्याचा. मानपूरपुढच्या घाटात धामनोदकडे उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. तुम्हीही त्याच दिशेने उतरणार, म्हणजे बेकाबू ट्रक पाठीमागून येतो. दुसऱ्या दिवशी सेंधव्यापुढच्या बिजासन घाटातही तेच. दोन्ही घाटांत सायकली टेंपोत चढवा आणि माणसांसाठी वेगळी प्रवासी गाडी घ्या. मालवाहू टेंपोत माणसं बसवणं नियमात नाही, अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते.

कोपरगाव ते राहुरी हा उसाचा पट्टा. डिसेंबरात गळीत हंगाम ऐन भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, पुष्कळांना मागे दिवाही नसतो. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते, म्हणून डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. मालेगाव–शिर्डीच्या दिवशी निघायला उशीर केलात तर नेमके अंधारात या पट्ट्यात सापडाल. साडेपाचला सायकली थांबल्याच पाहिजेत, मग मुक्काम पाच किलोमीटरवर का असेना.

सहा-सहाचे तीन गट करा, दोन गटांत अर्धा किमी अंतर ठेवा. मागून येणाऱ्या ट्रकला एका वेळी सहाच सायकली ओलांडाव्या लागतात. प्रत्येक गटात पुढे रस्ता माहीत असलेला आणि सर्वात मागे पंक्चर काढता येणारा.

स्पोकची चावी

एमटीबीचे जाड नक्षीचे टायर काढा आणि १.५ इंची गुळगुळीत टायर चढवा. चाक २६, २७.५ की २९, हे जुन्या टायरवरचा आकडा वाचूनच घ्या. एवढ्या एका बदलाने दिवसाचे कष्ट बरेच हलके होतात. हायब्रिडच्या ३२ मिमी टायरला हवेचा दाब ७०-७५ पीएसआय, १.५ इंचीला ५५-६०. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका.

हमरस्त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, बहुतेक पंक्चर त्यांचेच. तार रबरात रुतून राहते, वरून दिसत नाही. नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही बसते आणि दोष ट्यूबला दिला जातो. टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या. बोळा अडकला की तिथे तार आहे, चिमट्याने उपटा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर मात्र हवा कमी होती.

टेंपोत ठेवायचं: मापाप्रमाणे २० ट्यूब, टायर ३, पंक्चर पट्ट्यांचे ४ डबे, ब्रेक आणि गिअरच्या केबल चार-चार, ब्रेक पॅड ६ जोड्या, तुमच्या साखळ्यांना बसणाऱ्या क्विक लिंक (साखळी जोडायच्या कड्या), मापाचे स्पोक, साखळीचं तेल, अ‍ॅलन की, साखळीतोड, १५ मिमीचा पेडल पाना आणि एक उभा पंप. काही ट्यूबला मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो, काहींना बारीक प्रेस्टा. दोन अ‍ॅडॉप्टर खिशात असू द्या, नाहीतर वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येत नाही.

आणि डिरेल्युअर हँगर. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तिचा आकार मॉडेलगणिक वेगळा, आणि गावातल्या दुकानात ती मिळत नाही. प्रत्येक मॉडेलची एक सोबत घ्याच. तुम्ही दोन घाटांत सायकली टेंपोत चढवणार, तेव्हा ती वाकायची शक्यता सर्वात जास्त. सायकली उभ्या बांधा, मध्ये जुन्या गोधड्या घाला, गिअरच्या बाजूला दुसरी सायकल टेकवू नका. उतरवल्यावर मागच्या सर्वात मोठ्या दातेरी चकतीवर गिअर जपून टाकून बघा. हँगर वाकलेला असेल तर मागचा गिअर थेट स्पोकमध्ये शिरतो.

खजिनदार

किलोमीटरमागे पैसे नकोत. देणगी अंतराला बांधली की दमलेला मुलगा अंधारातही रेटत राहतो. सहा टप्पे जाहीर करा आणि टप्पा गटाने पूर्ण केला की तो पूर्ण. अर्धी रक्कम निघण्याआधीच जमा करून घ्या, कबूल झालेले पैसे नंतर वसूल करताना फार दमछाक होते.

दोन कामांचे दोन हिशेब ठेवा. सुवार्तिकांचं मानधन हा धार्मिक खर्च, वसतिगृह हे धर्मादाय काम. ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी) मान्यता असलेल्या ट्रस्टला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. म्हणून ८०जीची पावती वसतिगृहाच्या देणगीलाच द्या आणि मानधनाची देणगी मंडळीच्या खात्यात घ्या. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीतल्या देणगीदाराला तर कशालाच मिळत नाही. हे आधीच स्पष्ट सांगा.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. कुणाच्या खासगी खात्यावर एक रुपयाही नको, मग तो कितीही विश्वासाचा माणूस असो. परदेशातल्या नातेवाइकांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर ते बँकेतून देऊ शकतात. ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) कायद्याने परदेशी ठरतात, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी नसेल तर त्यांचे पैसे घेऊ नका.

जेवण, गाडीभाडं, डिझेल, सुटे भाग हा खर्च सायकलस्वारांच्या नोंदणी शुल्कातून भागवा. देवाच्या कामाला दिलेला पैसा पूर्ण त्याच कामाला लागला, असं छातीठोक सांगता आलं पाहिजे.

तरुणसंघ_इंदूर

टप्प्यांची पद्धत पटली, घाटांचाही प्रश्न सुटला. वाटेत गावोगावी पत्रकं आणि मुलांना वह्या वाटायचं ठरत होतं. ते चालेल का? आणि परत कसं यावं?

दौंडकर

वाटेत काहीच वाटू नका. मध्य प्रदेशच्या २०२१च्या धर्म स्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरासाठीच्या प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूही येते. हेतू स्वच्छ असला तरी तक्रार झाली तर दिवस पोलीस ठाण्यात जातो. प्रार्थना आणि साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) मुक्कामाच्या चर्चच्या आवारात ठेवा. पाळकसाहेबांचं पत्र, सर्वांची नावं आणि गाड्यांचे नंबर वाटेतल्या ठाण्यांना आधी कळवा. वसतिगृहातल्या मुलांचे फोटो निधीच्या आवाहनात वापरू नका, बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे.

केडगाव दोन आहेत. एक नगर शहराला लागून, दुसरं दौंड तालुक्यात. नकाशात नुसतं नाव टाकलं तर पहिलंच समोर येऊ शकतं. मुक्तीमध्ये बायका-मुलं राहतात, तेव्हा लेखी परवानगी आणि पोचण्याची वेळ ठरवूनच जा.

परतीला दौंड–इंदूर एक्स्प्रेस आहे, सायकली टेंपोने पाठवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे गटागटाने तीन तिकिटं काढा.