रंकाळ्याभोवती फेऱ्या मारून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी होईल का?

पहाटवारा

येत्या जानेवारीत पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करण्याचे मी ठरवले आहे. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी राखली तरी पुरते. त्यामुळे मला वेगाची काळजी नाही, काळजी आहे ती इतके तास सीटवर बसून राहण्याची. अडचण घरची आहे. आईला आता फार वेळ एकटे ठेवता येत नाही. रविवारी सकाळी शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात, पण फोन आला तर दहा मिनिटांत घरी पोहोचता यावे, एवढेच अंतर मी दूर जाऊ शकते. गगनबावड्याला जाऊन येणे म्हणजे ११० किलोमीटर, त्यामुळे ते सध्या शक्य नाही. आमचे घर कोल्हापुरात रंकाळ्यालगत आहे आणि तलावाभोवतीची एक फेरी माझ्या मीटरवर साडेचार किलोमीटरच्या आसपास भरते. गेल्या रविवारी पहाटे चारपासून बावीस फेऱ्या केल्या. शेवटच्या फेऱ्यांत पायांपेक्षा मनच जास्त थकले होते. अशा सरावाचा खऱ्या रस्त्यावर उपयोग होतो का, ते अनुभवी मंडळींनी सांगावे.

घाटवाट

ताई, उपयोग निश्चित होतो. तीन ब्रेव्हे पूर्ण केल्यानंतर मी हे सांगतो आहे, आणि त्यांतल्या पहिलीची तयारी पावसाळ्यात झाली होती. पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता पाण्याखाली जातो, बालिंग्याकडचाही भरवसा राहत नाही, आणि मग शहरातल्या फेऱ्यांवाचून पर्याय उरत नाही. फेरीचा सर्वांत मोठा फायदा असा की चढ, वळणे आणि रस्ता दर वेळी तेच असल्यामुळे बदलते ते फक्त आपले शरीर. हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा असेल तर पाचव्या आणि अठराव्या फेरीचे आकडे शेजारी ठेवून पाहा. वेग तोच असूनही ठोके बरेच वाढलेले दिसले, तर सुरुवात जोरात झाली किंवा पाणी कमी पडले असे समजावे.

खाण्याचा सरावही इथेच पक्का करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, आणि आपला गूळ तर आहेच. तूप-गुळाच्या पोळीची सुरळी खिशात छान राहते. मात्र सगळे सामान सायकलवरच ठेवा. घर वाटेवर आहे म्हणून बाटली भरायला आत शिरलात की बसणे होते, आणि एकदा बसल्यावर उठणे किती जड जाते हे तुम्हालाही ठाऊक असेल. फेऱ्या मोजण्याऐवजी तास मोजा. आज सहा तास असे ठरवून निघाले की मनाचा थकवा पुष्कळ कमी होतो.

सपाट फेरीत घाट मात्र मिळत नाही, आणि चढावर पाठ व मांड्या जशा भरून येतात त्याची सवय दुसऱ्या कशाने होत नाही. ब्रेव्हेपूर्वी निदान एकदा पन्हाळा चढून या. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटरच होतात.

करवीरकर

एका गोष्टीची भर घालतो. सतत एकाच दिशेने फिरल्यास शरीराचा भार एका बाजूला जातो. माझा डावा खांदा असाच धरला होता. दर दोन तासांनी दिशा बदलावी. प्रदक्षिणेच्या दिशेने जाताना तलाव उजव्या हाताला राहतो आणि डावीकडून गल्ल्यांतली वाहने अचानक पुढ्यात येतात. उलट दिशेने गेल्यास आपण तलावाच्या कडेने चालतो, तिथे गल्ल्या नाहीत, पण फिरायला आलेली माणसे असतात. म्हणून अंधारात उलट आणि उजाडल्यावर प्रदक्षिणेची दिशा मला योग्य वाटते.

सकाळचा फेरफटका

मी सायकल चालवत नाही, रोज रंकाळ्यावर चालायला येतो. साडेपाचनंतर तिथे माझ्यासारखी वयस्कर माणसे खूप असतात आणि आमच्यापैकी अनेकांना मागून येणारी सायकल ऐकू येत नाही. शालिनी पॅलेसच्या बाजूला तर चारचार जण रांगेने गप्पा मारत चालतात, ती चूक आमची आहे हे मान्य करतो. तरीही त्या वेळेत वेग कमी ठेवावा आणि घंटी लांबूनच वाजवावी, ही कळकळीची विनंती.

पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. काका, साडेपाचनंतर वेग नक्की कमी ठेवीन, आणि दिशाही उजाडल्यावर बदलीन. पन्हाळ्याचे मनावर घेतले आहे. दिवाळीत दादा चार दिवस घरी येणार आहे, त्यातली एक सकाळ आईजवळ बसण्यासाठी आजच त्याच्याकडे मागून ठेवते. तोवर ऊस वाहतूक सुरू झालेली असेल आणि ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही, म्हणून त्या दिवशी मात्र उजाडल्यावरच निघेन.