शटडाउनमधली चिप ‘बंद’ म्हणायची का?

अर्धविराम: लसींच्या फ्रिजमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचं माहितीपत्रक मराठीत करतेय. यंत्रात टीएमपी१०२ ही तापमान मोजणारी चिप, म्हणजेच सेन्सर आहे. मोजणी झाली की ती ‘शटडाउन’मध्ये जाते. मी बिनधास्त लिहिलं, ‘मोजणीनंतर सेन्सर बंद होतो.’ कच्चा मसुदा एका आरोग्य केंद्रात वाचायला दिला होता, तिथून फोन आला : “मॅडम, सेन्सर बंद म्हणता, मग पडद्यावर ४.५ कुठून येतंय? बदलून द्या ना.”

त्यांचं काय चुकलं? लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि आपण बिघडलेल्या पंख्यालाही ‘बंद’च म्हणतो. खरं तर चिपचा फक्त मोजणारा भाग थांबतो. तारांवरचं बोलणं ऐकणारा भाग जागा असतो, आणि कुणी विचारलं तर रजिस्टरमधला, म्हणजे पोटातल्या आकडा साठवायच्या कप्प्यातला, शेवटचा आकडा ती सांगते. याला एक शब्द सुचवा.

शुद्धमती: सुषुप्ती. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

तांब्याची तार: सुषुप्तीत कानही झोपतात हो. ही ऐकते, तीच तर गंमत. सेकंदाला ४ वेळा मोजत ठेवली तर ही चिप जास्तीत जास्त १० मायक्रोअँपिअर वीज खाते, शटडाउनमध्ये जास्तीत जास्त १. फ्रिजचं तापमान सेकंदाला चारदा मोजून कुणाचं भलं होणारे? दर ५ मिनिटांनी उठवा, साधारण २६ मिलिसेकंदांत ती मोजते आणि आपली आपण परत आडवी होते. याला ‘वनशॉट’ म्हणतात. त्याचंही मराठी लागेलच तुम्हाला.

आजोळ: ‘झोप’च नको. माझी आजी दुपारी माजघरात पदर तोंडावर घेऊन पडायची. कुणी म्हणालं “आजी झोपलीय,” की पदराखालून आवाज : “झोपले नाही, जरा लवंडलेय. दूध फडताळात आहे, साय काढू नकोस.” तोवर मांजरानं पातेलं चाटून ठेवलेलं असायचं, पण उत्तर तेच. ‘सेन्सर लवंडतो’ लिहा.

तांब्याची तार: मांजराचं फार नेमकं सांगितलंत! लवंडलेल्या चिपला नुसतं विचारलं तर ती मघाचाच आकडा देते. फ्रिजचं दार उघडं राहून आत १५ झाले असले तरी ४.५. आधी ‘मोज’ म्हणायचं, मोजणी संपल्याची खूण बघायची, मग वाचायचं. माहितीपत्रकात हे येऊ द्या, शब्दाचं नंतर बघू.

शुद्धमती: ‘लवंडतो’ वाचून लोक यंत्र सरळ करायला धावतील. आमच्याकडे तांब्या लवंडतो, माणसं आडवी होतात. ‘काकचेष्टा बकध्यानम्’ आठवतंय का? त्यातलं पुढचं : श्वाननिद्रा. चाहूल लागताच जागं होणारी झोप. याहून चपखल शब्द दाखवा.

आजोळ: शब्द झकास आहे. पण रेबीजची लसही त्याच फ्रिजात असते. दारावर श्वान नको.

शुद्धमती: हसा. सावरकरांचे ‘दिनांक’, ‘महापौर’ आज कुणाला खटकतात? मी तर चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या ‘बस’लाही वाहिनी म्हणते. द्वितारी वहिनी.

आजोळ: एकतारी ऐकली होती, द्वितारी वहिनी पहिल्यांदाच.

शुद्धमती: वाहिनी! कीबोर्डनं घात केला.

तांब्याची तार: ‘बस’ राहू द्या. मूळ लॅटिन ‘ओम्निबस’, म्हणजे सर्वांसाठी. दोन तारांवर सगळ्या चिपा, ज्याचा पत्ता पुकारला त्यानंच बोलायचं. एलएम७५ या तापमानाच्याच दुसऱ्या चिपेला पत्ता ठरवायच्या ३ पिना असतात, त्यांतून ८ वेगळे पत्ते होतात, म्हणून एका बसवर त्या ८ बसतात. एसटीत याहून जास्त दाटी असते, शिस्त मात्र नसते. खरी पंचाईत ‘मास्टर’ (विचारणारा) आणि ‘स्लेव्ह’ (उत्तर देणारा) यांची होती. २०२१ मध्ये एनएक्सपी या चिप कंपनीनं आय-स्क्वेअर-सीच्या, म्हणजे या दोन तारांच्या बसच्या, नियमावलीत त्यांचं ‘कंट्रोलर’ आणि ‘टार्गेट’ केलं. मी घरी ‘सासू-सून’ म्हणतो. सून विचारल्याशिवाय बोलत नाही.

आजोळ: कुठल्या शतकात राहता?

बंबवाला: मध्येच बोलतो. सोलर बंबाला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावलाय. पावसाळ्यात पहाटे ५ वाजता पडद्यावर ८५! बायको खुशीत आंघोळीला गेली आणि बर्फासारखं पाणी अंगावर घेऊन ओरडली. मग कळलं, वीज मिळताच या चिपच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. १२ बिटांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, मोजणीला ७५० मिलिसेकंद लागू शकतात, त्याआधी वाचलं की तोच मिळतो. या आकड्याला काय म्हणाल? आमच्या घरी ‘थाप’ म्हणतात.

शुद्धमती: आरंभमूल्य.

बंबवाला: बायकोला सांगून बघतो.

तांब्याची तार: वायर किती लांब? पुलअप, म्हणजे तारेला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रोध, लावलाय?

अर्धविराम: मंडळी, माझं राहिलंच. सध्या ‘मोजणी थांबते, सेन्सर ऐकत राहतो’ असं लिहिलंय. एका शब्दाच्या जागी पाच झाले, चौकटीत मावत नाहीत.

बंबवाला: चौकट मोठी करा. पुलअप ४.७ किलोओहमचा आहे, पण गच्चीपर्यंत वायर १२ मीटर. तेवढ्यानं फरक पडेल का?